नदीकडची बाजू

आप्पांच्या उजव्या खांद्यात एक भोक होतं. माझं बोट त्यात पहिल्या पेरापर्यंत जायचं. बिबट्याच्या सुळ्यानं केलेली ती जखम सुकली, पण बुजली नाही. नवा माणूस भेटला की आप्पा बंडीची गुंडी काढून खांदा पुढं करायचे. "घाला बोट. तिनं सुळा घातला तवा म्या वरडलो न्हाई. तुमी नुसतं बघून कशाला तोंड वाकडं करता?" पाहुणा मागं सरकला की ते खदाखदा हसायचे.

आप्पा धनगर. उमेदीत मेंढरं घेऊन हिंडले आणि मग शिरूर तालुक्यातल्या आमच्या नदीकाठच्या गावात कायमचे राहिले. त्यांचा बांध माझ्या बांधाला लागून. बिबट्या हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. ते 'बाई' म्हणत. "आपल्या रानात बाई हाय, एवढं ध्यानात ठिवा आन् खोकत चला." ते दारू पिऊन उसात घुसले आणि मेले, असं आज गावात सांगतात. आप्पांनी दारूला आयुष्यात हात लावला नाही. बाकीचंही सांगायला हवं, आणि ते माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही.

मी तरुण असताना त्यांनी मला नदीपलीकडं, दौंडच्या माळावर नेलं होतं. नुसतं कुसळी गवत, दगड आणि वारा. चिंकारा कुठं बसतो, तरस कुठून पाण्याला येतं, हे दाखवत आप्पा पुढं चालायचे. एका ओघळीत धूर दिसला. चार-पाच जणांनी लांडग्याच्या बिळात मिरच्या घालून पाचट पेटवलं होतं. आतून पिल्लांचा आवाज येत होता, तान्ह्या पोरांसारखा. आप्पांनी थेट काठी चालवली. एकाचं मनगट मोडलं ते मी ऐकलं. मग त्यांनी आप्पांना खाली पाडून तुडवलं आणि मलाही दोन दिल्या. पिल्लं तोवर गप्प झाली होती. परतताना आप्पा रक्त थुंकत म्हणाले, "लांडगीन घराला दोन दारं ठेवती, तात्या. ह्या भाडखावांनी दोनी बुजवली. ज्याला पळाया वाट न्हाई त्यो फाडनारच. मंग त्यो लांडगा असू द्या न्हाईतर मानूस."

ऊसतोडीच्या दिवसांत म्हणूनच ते सगळ्यांच्या डोक्याला ताप व्हायचे. ट्रॅक्टर खोळंबलेला असतो, म्हणून टोळ्या चारी अंगांनी ऊस तोडत आत येतात. मधे थोडा ऊस उरतो आणि रानातलं जित्राब त्यात कोंडतं. पोरं काठ्या घेऊन भोवती उभी राहतात. आप्पा बांधावरून ओरडायचे, "एक बाजू मोकळी सोडा रं!" एकदा त्यांनी सोडायला लावलेल्या बाजूनं बिबट्या निघाला आणि जाताजाता मुकादमाच्या खोपीवरचा कोंबडा घेऊन गेला.

"आप्पा, माझा कोंबडा गेला की!"

"कोंबडा गेला, तुमची मुंडी हाय न्हवं जाग्यावर? मंग तोडा गप."

मागच्या हिवाळ्यात माझी सून सुमन कांदे खुरपायला बसली असताना बिबट्यानं तिला मानेला धरून उसात ओढलं. तिला मीच उचलून बाहेर आणलं. तिचं डोकं माझ्या दंडावरून मागं लोंबत होतं. लोकांनी रस्ता अडवला, पिंजरे लागले. आप्पा येऊन माझ्या ओट्यावर बसले. म्हणाले, "बसल्यालं मानूस तिला मानूस वाटत न्हाई, तात्या. तिनं वैर न्हाई धरलं."

"उठा आप्पा," मी म्हणालो. "माझ्या ओट्यावरून उठा."

थोड्याच दिवसांनी मी ऊस तोडायला लावला, मुद्दाम चारी बाजूंनी. दुपारपर्यंत मधे घरापुरता तुकडा उरला आणि त्यातून गुरगुर ऐकू आली. अर्धं गाव कोयते, पहारी घेऊन जमलं. वनखात्याची गाडी अजून वाटेत होती. आप्पा आले ते थेट माझ्याकडं.

"नदीकडची बाजू मोकळी करा. म्या आत जाऊन उठवतो. ती सरळ नदीत उतरंल, कुनाला धक्का लागायचा न्हाई. शब्द द्या."

"दिला," मी म्हणालो आणि तिकडची माणसं बाजूला केली.

आप्पांनी हाताला घोंगडी गुंडाळली आणि नेहमीसारखे मोठ्यानं बोलत आत शिरले. "ऊठ बाई, ऊठ. पाव्हणं आल्यात बघ कोयतं घिऊन. निघ आता."

त्यांची पाठ उसात दिसेनाशी झाली, तशी मी हात वर करून माणसांना नदीकडं बोलावलं. मधोमध मी उभा राहिलो. मला ती माझ्या रानात मेलेली हवी होती.

ती आली, आप्पा म्हणाले होते तिथंच. पाचटातून डोकं बाहेर काढलं, आम्हाला पाहिलं आणि फिरली. आप्पांचं बोलणं मधेच तुटलं. मग जी किंकाळी आली, ती त्यांची होती.

आम्ही आत धावलो. तिला कोयत्यांनी तोडलं. ती मेल्यावरही घाव थांबले नाहीत आणि त्यातले काही माझे होते. तिची आचळं दुधानं भरलेली होती. आप्पा शेजारी पडले होते. डोक्याची कातडी कपाळावर आली होती आणि मांडीतून रक्ताची धार लागली होती.

जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शिरूरचा दवाखाना अजून लांब होता. मी त्यांच्या मांडीच्या जखमेवर धोतर दाबून धरलं होतं, ते भिजून माझ्या बोटांतून रक्त गळत होतं. आप्पांनी डोळे उघडले.

"तात्या, नदीकडं कोन हुतं?"

"कोणी नव्हतं, आप्पा. मोकळी होती."

"मोकळी हुती आन् माघारी फिरली?"

"हो."

ते वर जीपच्या ताडपत्रीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग जल्मभर मला तिचं कायबी कळलं न्हाई म्हना."

शिरूर यायच्या आधीच गेले.

आप्पांना तिचं सगळं कळत होतं. ती नदीकडंच आली होती. तिथं मी उभा होतो.