दोन डिस्क, दोन लाल ठिपके

महागावात आमचा फोटो स्टुडिओ होता. कापसानं दगा दिलेल्या त्या वर्षांत लोक लग्नाचे फोटो काढायचे, पण अल्बम "पुढच्या हंगामात नेतो" म्हणून राहून जायचा. ती सगळी लग्नं कॉम्प्युटरच्या एकाच हार्डडिस्कमध्ये पडून होती, आणि तीच कटकट आवाज करायला लागली. मी हुबेहूब तसलीच नवी आणली. जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवायचं होतं. उलटं झालं, तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरून सगळं पुसलं जाणार. म्हणून जुनीवर लाल मार्करनं ठिपका दिला आणि चहाला गेलो.

परत येतो तर दोन्ही डिस्कवर लाल ठिपका!

"हे कायले लावलं तुनं?" मी बायकोवर खेकसलो. आमच्या घरात नवी वस्तू कुंकवाशिवाय वापरत नाहीत, हे खरं तर मलाच आठवायला हवं होतं. मी दोन्हींवर बोट फिरवलं. जिचा ठिपका बोटाला लागला, ती नवी.

"पुसू नोका जी," ती म्हणाली. "इतल्या पोरी लग्न होऊन याच्यात राहाले येऊन राह्यल्या. त्यायच्या उंबरठ्याले कुंकू नोको का?"

बोटाला लागलेलं कुंकू मी होतं तिथंच परत टेकवलं.