पिंटोसाहेबांचा पगार

मजूर खाली बसले होते आणि आमचे नवे इंजिनिअर पिंटोसाहेब पोलिसांना बोलवायला निघाले होते.

गोष्ट हैदराबाद स्टेटमधली. खटकचिंचोळीजवळच्या नाल्यावर पूल चालू होता आणि मी तिथला ओव्हरसिअर. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचे लाकडी टेकू, उभं होतं. पावसाळा तोंडावर. त्या दिवशी स्लॅब पडला नाही, म्हणजे काँक्रीट ओतून झालं नाही, तर नाल्याला पाणी येऊन टेकू वाहून जाणार आणि सगळं काम मातीत.

मुकादम शरणप्पा हात जोडून म्हणाला, "सायेब, उद्या बाजार हाय. बाजाराच्या आदल्या दिशी पगार, ही आमची रीत. ज्वारी कशी आणावं?"

"मुंबईत पगार महिनाअखेरीला होतो. इथंही तसाच होईल. हा संप आहे!"

"आमी दंगा करायलोत व्हय? नुसतं बसलोत की."

पैसे पेटीत होते. साहेबांचा हट्टही होता. पोलिस आले असते तर माणसं शेतं तुडवत पळाली असती, पुन्हा दिसलीच नसती.

साहेब मूळचे गोव्याचे. पाव, चावी, पगार हे शब्द आमच्या पोर्तुगीजांनी दिले, हे ते चहाबरोबर रोज ऐकवायचे. मी मनाशी म्हटलं, यांना पोलिसांकडे जाऊ द्यायचं नाही, बोलतं ठेवू.

"साहेब, पगारचा मूळ अर्थ काय हो?"

गडी खुलला. "मूळ क्रियापद आहे ते! देणं चुकतं करणं. स्पॅनिशमध्येही हेच. उपकार फेडायला हेच, केलेलं भोगायलाही हेच."

"आणि त्याच्याही आधी?"

"लॅटिन. तिथं अर्थ शांत करणं. आपण ज्याचं देणं लागतो, त्याला देऊन शांत करायचं, म्हणून..."

साहेब थांबले. बसलेल्या माणसांकडे पाहिलं. मग स्वतःच खो खो हसत सुटले.

"ओव्हरसिअर, फार डांबरट आहात तुम्ही! आणा ती पेटी."

तासाभरात पगार वाटून झाला. बायकांनी घमेली उचलली आणि स्लॅब एका दमात पडला. इतका आनंद मला पुढं बढतीचाही झाला नाही.

पुढं हाताखाली नवा इंजिनिअर आला की मी सिमेंटचं काही विचारत नसे. विचारायचो, "इथला बाजार कुठल्या वारी?" ज्याला सांगता आलं नाही, त्याला आधी गावात पिटाळायचो.