भट्टीत अडकलेला पासपोर्ट

आमच्या शेजारच्या चाचीच्या घरात कुठलीच वस्तू तिच्या जागी सापडत नसे. साखर प्रेशर कुकरमध्ये, शिवणाचं सामान वॉशिंग मशीनमध्ये, सुकवलेले सोडे जुन्या टीव्हीच्या खोक्यात. दिघीजवळ खाडीकाठचं घर. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांवरही बुरशी धरायची. "सुकी जागा तीच तिजोरी," असं ती म्हणे. "बाकी कपाटं पावन्यांना दाखवायला."

तिच्या काळजीचीही जागा अशीच भलतीकडे होती. वारा जरा वाढला की कुंपणापलीकडून हाक यायची, "विनू, कौलं बघितलीस? एक हललंय."

"चाची, तुमच्या घरावरही कौलंच आहेत."

"माझी अल्लाच्या भरवशावर. तुला कोन हाय बघायला?"

खरंच कोणी नव्हतं. आई गेल्यावर मी एकटाच राहत होतो. माझं छप्पर शाबूत आहे ना, हे पाहणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

तिचा मुलगा सलीम कतारला. एका सुट्टीत त्याने ओट्याखाली मोठा ओव्हन बसवून दिला, आपोआप साफ होणारा. बटण दाबलं की दार कुलूपबंद होतं, आत भयंकर तापतं आणि चिकटलेल्या सगळ्याची राख होते, हे त्याने मला मोठ्या हौसेने समजावलं होतं. चाचीने तो जेमतेम दोनदा वापरला. "येवढी मोठी भट्टी, आनि भाकर फुगत न्हाय!" मग तिच्या लक्षात आलं, की एवढी घट्ट बंद होणारी कोरडी जागा घरात दुसरी नाही. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला तिचा पासपोर्ट त्यात गेला.

पुढे ती न्हाणीघरात पडली. सलीमने तिला कायमचं कतारला बोलावून घ्यायचं ठरवलं, तिकीटही पाठवलं. "दादा, तुम्ही समजवा तिला," म्हणून माझ्या मागे लागला. मी समजावलं. ती नुसती "बघू" म्हणाली. तिला जायचं नाही, असा अर्थ मी काढला, कारण मला तोच हवा होता.

निघायच्या आदल्या दुपारी तिची किंकाळी ऐकून मी धावलो. घर मळकं सोडायचं नाही म्हणून तिने ओव्हनची काच ओल्या फडक्याने पुसली होती. फडकं बटणांवर फिरलं, खट्‌ आवाज झाला आणि लाल कुलपाचं चिन्ह पेटलं. काचेतून ती दुधाची पिशवी दिसत होती. मी पडवीत जाऊन मेन स्विच पाडला. परत येऊन काचेला हात लावला, तर ती कोमट झाली होती. दार मात्र हलेना.

सलीमला फोन लावला. तो म्हणाला, "लाईट आली की एकतर कुलूप सुटेल, नाहीतर परत तापायला लागेल. मला नक्की माहीत नाही, दादा." कंपनीचा माणूस मुंबईहून यायला आठवडा लागणार होता. विमान दुसऱ्या रात्रीचं.

चाची स्विचपाशी उभी राहिली, मी ओव्हनसमोर बसलो. "चालू," मी ओरडलो. आत कुलपाची मोटर घरघरली, अडखळली, थांबली. कुलूप तसंच. "बंद करा, बंद!" खाऱ्या हवेने आतली कडी गंजली असणार. मोटर ती ओढत होती, पण कडी सुटत नव्हती. दार आत दाबून धरलं, तर कडीवरचा ताण कमी होईल, असं मला वाटलं.

पुन्हा चालू केलं. मी दोन्ही तळहात दारावर ठेवले. मोटर घरघरत होती, आतली सळी लाल होते की काय म्हणून माझे डोळे काचेला चिकटले होते. तेव्हाच मनात आलं, नाही उघडलं तर ही जाणार नाही. त्या क्षणी मी पूर्ण जोर लावला होता की नाही, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. मोटर थांबली. "बंद."

चाची पडवीतून आत आली. माझ्याकडे बघत राहिली. "विनू," ती हळूच म्हणाली, "माझा पोरगा तिकडं एकटाच जेवतो रे. दाब आता."

ती परत स्विचकडे गेली. मी खांदा लावून दाबलं. घरघर झाली, खट्‌ वाजलं, आणि दार सुटलं. पिशवी आकसून पासपोर्टला चिकटली होती. चाचीने ती नखाने सोलली. आतली पानं धड होती. तिने फोटोचं पान उलटसुलट चारदा पाहिलं आणि तिथेच खाली बसून रडली.

सकाळी दिघीच्या जेटीवर ती पर्स छातीशी धरून फेरीबोटीत चढली. एकदाही मागे वळली नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

गेल्या वर्षी ती तिकडेच वारली. सलीम फोनवर सांगत होता, "मला कितीही उशीर झाला तरी जेवायला थांबायची, दादा. माझ्या ताटाशेजारी ताट घ्यायची. तुम्ही दार उघडलंत म्हणून."

मी "हं" म्हणालो. दुसऱ्यांदा चालू केलं तेव्हाचं त्याला सांगायला हवं होतं. तो आभार मानत राहिला आणि मी ते ऐकत राहिलो.