रुमालाखालचा तिसरा हात

आधीच सांगतो, मी असल्या भानगडींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माझ्या धंद्यात विश्वास ठेवला की माणूस बुडतो. शेतकऱ्यांकडून ठिबकच्या जुन्या नळ्या विकत घ्यायच्या आणि जळगावला प्लास्टिक वितळवणाऱ्या कारखान्यांना विकायच्या, हे माझं काम. समोरचा म्हणतो क्विंटलभर माल आहे, मी म्हणतो काट्यावर ठेव. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यालाही मी आजवर हेच म्हणत आलो - काट्यावर ठेव. इथे या ग्रुपवर इतरांचे अनुभव वाचून मी हसलोय, दोघा-तिघांशी भांडलोही आहे. त्यांनी आता माझ्यावर हसून घ्यावं, माझी हरकत नाही.

पण त्यासाठी आधी सुपडूनानांबद्दल सांगावं लागेल, आणि ते नाव काढलं की माझं डोकं अजून तापतं.

नाना आमच्या भाऊबंदातले, पाचोऱ्याचे. गुरांच्या बाजारात दलाली करायचे. बैलजोडीचा सौदा आमच्याकडे तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि आतल्या आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा कुणाला कळत नाही. हे मला नानांनी शिकवलं. त्यांच्या ओसरीवर बसून, पंच्याखाली माझा हात घेऊन. आधी माझी मूठ उलगडायचे, तळवा सपाट करायचे, मग एकेक बोट दाबून विचारायचे, "किती?" चुकलं की टपली.

नानांच्या उजव्या तर्जनीचं पुढचं पेर नव्हतं. एका माजलेल्या बैलाच्या कासऱ्यात अडकून गेलं होतं. बाजारात लोक म्हणायचे, नाना तेवढं अर्धं बोट भावात कापून घेतो. आणि त्यांची एक स्वतःची खूण होती. सौदा मोडायचा असेल तर ते बोट दाबत नसत. समोरच्याच्या तळव्यावर मधोमध अंगठा एकदा दाबायचे आणि हात सोडायचे. ती खूण दुसरा कोणी दलाल करत नसे.

तर त्या काळी मी सायकलवर नळ्यांची भेंडोळी वाहायचो. नाना म्हणाले, भागीदारीत जुना टेम्पो घेऊ. पाचोऱ्यातच एक चांगला टेम्पो मिळत होता. मी तो तीनदा जाऊन पाहिला, खाली झोपून पाहिला. सौद्याला नाना उभे राहिले, टेम्पोवाल्याच्या आणि त्यांच्या हातावर रुमाल, मी शेजारी. टेम्पोवाला हसायला लागला होता, म्हणजे भाव जुळत आला होता. तेवढ्यात नानांनी हात झटक्याने बाहेर काढला.

"मोडला. चल."

"अहो नाना, का पण?"

"मोडला म्हणजे मोडला."

रस्ताभर मी त्यांना नाही नाही ते बोललो. ते फक्त उजवा तळवा धोतराला पुसत चालले होते, पुन्हा पुन्हा. तो टेम्पो दुसऱ्या दिवशी एका कांदेवाल्याने घेतला आणि त्याच्या कमाईवर पुढे दोन ट्रक उभे केले. मी मात्र भाड्याच्या गाड्यांवर आयुष्य काढलं. हातात आलेला घास या माणसाने काढून घेतला आणि कारणही दिलं नाही. त्यानंतर मी नानांशी बोललो नाही. ते वारले तेव्हा मी पाचोऱ्याला जाऊन आलो, पण लांबच उभा राहिलो. राग संपला नव्हता. माणूस मेला म्हणून हिशेब मिटतो, असं मी मानत नाही.

आता यंदाची गोष्ट. एप्रिल महिना. पावसाच्या आधी शेतकरी जुन्या नळ्या उपटून बांधावर टाकतात, तोच आमचा सीझन. दारात स्वतःची गाडी हवी, यंदा हवीच, असं मी ठरवलं होतं. धुळ्याला हायवेलगत जुन्या गाड्यांचा एक अड्डा आहे. मालकाला सगळे अण्णा म्हणतात. तिथे एक पांढरी पिकअप आल्याचं कळलं, एकाच हातची, म्हणजे पहिल्या मालकानेच वापरलेली.

भर दुपारी पोचलो. मी मीटर बघत नाही, मीटर कुणीही मागे फिरवतो. मी पॅडलचं रबर बघतो, ते खोटं बोलत नाही. रबर शाबूत होतं. हौद्याखाली शिरलो, चेसीला कुठे जोड नाही. स्प्रिंगचे पाटे सरळ. पुढची दोन्ही चाकं सारखी झिजलेली. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, धूर नाही. कागद स्वच्छ, बँकेचा बोजा उतरवलेला. खरं सांगतो, मला खोट सापडेना आणि त्यानेच मी चिडलो. खोट नसलेल्या गाडीचा भाव पाडायचा कसा?

"अण्णा, दरवाजा खडखडतो."

"भाऊ, तुम्ही जळगावचे ना?" अण्णा म्हणाले. "तुमच्याकडची मानसं सोनं डोळे मिटून घेतात अन् लोखंड धा येळा वाजवून बघतात."

"सोनं दगा देत नाही. विकणारा देतो."

अण्णा खो खो हसले. माणूस मला आवडला. तेवढ्यात आणखी तिघे गिऱ्हाईक आले आणि निंबाखाली उभं राहून आमच्याकडे कान लावू लागले. अण्णा हळूच म्हणाले, "यांच्यासमोर आकडा नको. तुम्हाले रुमाल जमस का? मी आधी बैलच विकत व्हतो."

जमतो का म्हणे! मी उजवा हात पुढे केला. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातावर टाकला.

माझ्या डाव्या हातात गाडीचे कागद होते. अण्णांचा डावा हात बॉनेटवर होता, मला समोर दिसत होता. म्हणजे रुमालाखाली दोनच हात. हे मी नंतर शंभरदा आठवून पाहिलंय.

अण्णांचा हात जाड, घामट, दोन बोटांत अंगठ्या. त्यांनी भाव सांगितला, मी पाडला. त्यांनी चढवला, मी पुन्हा पाडला. मला मजा यायला लागली होती. कितीतरी वर्षांनी मी रुमालाखाली हात घातला होता. भाव माझ्या मनातल्या आकड्याजवळ आला... आणि खालून आणखी एक हात आला.

अण्णांची बोटं माझ्या बोटांवर तशीच होती. हा हात वेगळा. कोरडा, कासऱ्यासारखा खरखरीत. त्याने माझी मूठ उलगडली, तळवा सपाट केला - शिकवताना करतात तसा. तर्जनी मध्येच संपलेली मला स्पष्ट लागली. आणि मग तळव्यावर मधोमध अंगठा. एकदाच. आणि हात सुटला.

बाहेर ऊन भाजत होतं, हायवेवर ट्रक चालले होते, निंबाखालचा एकजण तंबाखू मळत होता. मी ओरडलो नाही की हात ओढला नाही. मी फक्त अण्णांकडे पाहिलं. अण्णा रुमालाकडे बघत होते.

त्यांनीच सावकाश रुमाल उचलला. खाली दोन हात. माझा आणि त्यांचा. त्यांची पाचही बोटं पूर्ण.

"नही भाऊ," ते म्हणाले. "हाऊ सौदा मी करनार नही."

आता मात्र माझं टाळकं सरकलं. भीती वगैरे सगळी बाजूला राहिली. "का नाही? भाव जुळला होता! माल दाखवून माघार घेता?"

"मी कोठे माघार घेतली? तुमना मानूसनी मोडा ना."

"कुठला माझा माणूस? एकटा आलोय मी!"

अण्णांनी तिघांकडे एकदा पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ज्याचं बोट तुटेल शे, तो."

नानांचं नाव किंवा त्यांच्या तुटलेल्या बोटाचा विषय मी त्या अड्ड्यावर काढलेला नव्हता. अण्णांनी नानांना कधी पाहिलेलं नव्हतं, याची मी नंतर त्यांनाच विचारून खात्री करून घेतली. त्या क्षणी मात्र कागद बॉनेटवर ठेवले आणि निघालो. बसमध्ये शेजारची बाई माझ्याकडे बघत होती, तेव्हा लक्षात आलं... मी उजवा तळवा पँटला पुसत होतो. पुन्हा पुन्हा.

घरी कुणाला सांगितलं नाही. दोन रात्री राग काढला नानांवर. मेल्यावरही माझी गाडी होऊ देत नाही हा माणूस! तिसऱ्या दिवशी उठलो आणि सरळ पाचोऱ्याला गेलो.

नानांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. त्या ओसरीवर तूर पाखडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं.

"आज कथाईन उना रे भो? रस्ता चुकना का?"

"अक्का, एक विचारायचंय."

"आधी बस. च्या ले. भांडन बसीसन बी करता येस."

मी बसलो. सौद्यात पहिला आकडा आपण सांगायचा नसतो. म्हणून धुळ्याचं मी एक अक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, "तेव्हा तो टेम्पोचा सौदा नानांनी का मोडला? तुम्हाला तरी सांगितलं असेल."

अक्कांनी सूप पुढे ओढून दाणे चाळले. मग म्हणाल्या, "त्यास्नी मोडाच नही."

"अक्का, मी तिथे उभा होतो!"

"तू बाहेर उभा व्हता. रुमालखाले नही." त्यांनी आवाज खाली केला. "त्या रातले जेवले नहीत. म्हने, रुमालखाले तिसरा हात उना. मना तळहातवर अंगठा दाबा. मनी खूण माले कोन करी?"

मी कप खाली ठेवला. नानांची खूण, नानांच्याच तळव्यावर.

"कुणाचा हात, ते बोलले का?"

"मी बी इचारं. पहिले सांगेत ना. मंग म्हने..." अक्कांनी स्वतःची उजवी तर्जनी दुसऱ्या हाताने मधूनच झाकून दाखवली. "बोट तुटेल व्हतं. म्हने, मनाच हात व्हता."

माझाच हात होता.

"मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढलाच. "इतकी वर्षं मी..."

"तुले?" अक्का म्हणाल्या. "तू काय म्हनता? काट्यावर ठेव म्हनता."

सूप उचलून अक्का पुन्हा पाखडायला लागल्या आणि मी उरलेला चहा संपवून निघालो.

आता तुम्ही म्हणाल, नानांनी वाचवलं तुला, गाडीत काहीतरी खोट असणार. मीही तीच आशा धरून होतो. पण ती पांढरी पिकअप निंबाखालच्या त्या तंबाखूवाल्याने घेतली. पारोळ्याच्या अलीकडे मला ती बऱ्याचदा दिसते. भेंडी, दुधी भरून मजेत पळते. ना अपघात, ना खर्च. आणि तो टेम्पोही चांगलाच निघाला होता, हे मी वर सांगितलंच आहे. दोन्ही गाड्या चोख होत्या. मग मोडलं कशासाठी?

आणि नानांचं भूत म्हणावं, तर त्या पहिल्या वेळी नाना जिवंत होते. माझ्या शेजारी उभे होते, घाम पुसत होते. त्यांचा हात त्यांच्या मनगटाला होता आणि रुमालाखाली वेगळाही होता. हे कुठल्या काट्यावर ठेवायचं?

मागच्या महिन्यात मी शोरूममधून नवी गाडी घेतली, कर्ज काढून. एका रुपयाची घासाघीस केली नाही. बायको रस्त्यात थांबवून माझ्या कपाळाला हात लावून पाहत होती, ताप आहे का म्हणून. तिला काय सांगू? भाव करायचा म्हणजे हात पुढे करावा लागतो.

चावी देताना तिथल्या मॅनेजरने हसून हात पुढे केला, "अभिनंदन सर!" मी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्याचा हात तसाच हवेत राहिला.

नानांवरचा राग मात्र आता कुठे ठेवावा, ते कळत नाही. इतकी वर्षं तो सांभाळला, आणि ज्याच्या नावाने सांभाळला, त्याने मोडलंच नव्हतं.