वहिनींचं भाषण, माझ्या स्लाइडा आणि चंद्री

माझ्या आयुष्यातलं एकमेव यशस्वी प्रेझेंटेशन एका शेळीनं केलेलं आहे. तिचं नाव चंद्री.

तेव्हा नसरापूरला कॉम्प्युटरचा क्लास नवानवा निघाला होता आणि तिथं मी स्लाइडा करायचं सॉफ्टवेअर शिकत होतो. शिकत होतो म्हणजे काय, पिसाळलो होतो! अक्षरं वरून पडायची, खालून उगवायची, गिरक्या घेत यायची आणि प्रत्येक अक्षराला आवाज लावता यायचा. टाइपरायटरचा, टाळ्यांचा, काच फुटल्याचा, करकचून ब्रेक मारल्याचा, बंदुकीच्या गोळीचा. चुलतभावाच्या साखरपुड्याची स्लाइड मी अशी केली होती की प्रत्येक पाहुण्याचं नाव गोळीच्या आवाजासरशी पडद्यावर यायचं. ती बघून आई म्हणाली, "साखरपुडा हाय का दरोडा?" (कलेची जाण घरातून सुरू होत नाही, हे मला तेव्हाच कळलं.)

आमची वाडी राजगडाच्या पायथ्याला, पाली गावाच्या जरा वर. वाडीत माणसांपेक्षा शेरडं-मेंढरं जास्त. माझ्या वहिनी, म्हणजे थोरल्या दादाची बायको, तिथल्या अंगणवाडीच्या सेविका. अंगणवाडीला खोली नव्हती. ती भरायची गोविंदतात्यांच्या गोठ्याच्या पडवीत. आता तात्यांची शेरडं वाढली होती आणि पावसाळ्याच्या आत पडवी मोकळी करा, असं त्यांनी (स्वतःच डोळे पुसत) सांगितलं होतं. खोली मिळाली नाही तर अंगणवाडी ओढ्यापलीकडं न्यावी लागणार होती. पावसाळ्यात तो ओढा मोठ्या माणसांचंही ऐकत नाही, तिथं वहिनींची पोरं कुठून पलीकडं जाणार? म्हणजे अंगणवाडी बंदच पडणार होती.

वेल्ह्याला तालुक्याच्या सभेत सेविकांनी आपापली अडचण मांडायची होती. वहिनी पाणवठ्यावर बोलायला लागल्या की बायका हंडे भरायचं विसरत. पण समोर साहेब दिसला की त्यांची वाचा बसायची. मागच्या सभेत त्या उभ्या राहिल्या, "नमस्कार" म्हणाल्या आणि पाणी पिऊन खाली बसल्या.

"वहिनी, तुमी बोलूच नका," मी म्हणालो. "तुमचा आवाज आदीच भरून ठिवू. स्लाइड आली की आवाज आपसूक यील."

"आन् मी काय करू?"

"नुसतं व्हट हलवा."

हे फसवल्यागत नाही का व्हायचं, असं वहिनींनी विचारलं. याला मल्टिमीडिया म्हणतात, असं मी त्यांना समजावलं.

पोरांना सोडून वहिनींना नसरापूरला येता येईना, म्हणून क्लासचा कॉम्प्युटरच वाडीत आणायचं ठरलं. क्लासच्या सरांनी शेवटच्या स्लाइडवर क्लासची जाहिरात टाकायच्या बोलीवर तो दिला. दादाच्या दुधाच्या टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून, तो गोठ्याच्या पडवीत आला. दिव्याच्या होल्डरातून वीज घेतली. एका बाजूला पोरं गाणी म्हणत होती, दुसऱ्या बाजूला मदतनीस बायजाकाकू खिचडी ढवळत होत्या आणि मधोमध वहिनी माइक धरून मी लिहिलेलं भाषण वाचत होत्या: "मान्यवर, बालकांच्या सर्वांगीण विकासाच्या दृष्टीने भौतिक सुविधांची उपलब्धता..." प्रत्येक शब्दाला त्या ठेचकाळत होत्या. मला मात्र ते भाषण फार भारदस्त वाटत होतं.

पहिली स्लाइड झाली, दुसरी झाली. 'आमच्या गरजा' ही तिसरी स्लाइड सुरू केली आणि तात्यांच्या गोठ्यातली चंद्री दावं सोडवून आली. तिनं आधी माइकची वायर तोंडात धरली. मी वायर सोडवली तर तिनं भाषणाचा कागद धरला आणि ती बांधाकडं पळाली. मीही पळालो. दोन शेतं आणि एक निवडुंगाचं कुंपण ओलांडल्यावर मला उरलेला अर्धा कागद मिळाला. धापा टाकत परत आलो, तोवर वहिनी माइक मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मग अर्ध्या कागदावरून पुढचं सगळं वाचून घेतलं.

एवढ्या वेळात रेकॉर्डिंग चालूच होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. नंतर मी आवाज तपासला, पण पहिल्या स्लाइडपुरताच. बाकीचा सगळा वेळ मी 'गरजा' हा शब्द गिरक्या घेत कसा आणायचा यात घालवला.

सभेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. समोर तालुक्याच्या मोठ्या मॅडम, शेजारी बांधकामाचे इंजिनिअर. कॉम्प्युटरचे स्पीकर बारके, म्हणून दादानं टेम्पोवर लावायचा कर्णा आणून जोडला. वहिनी पदर सावरून पडद्याशेजारी उभ्या राहिल्या. टाइपरायटर वाजला, अक्षरं आली, कर्ण्यातून आवाज आला आणि वहिनींचे ओठ हलले. अधूनमधून ओठ मागं राहत होते, पण सगळ्यांचं लक्ष माझ्या अक्षरांवर. मी खुर्चीत हळूहळू फुगत होतो.

तिसरी स्लाइड आली. 'आमच्या गरजा' गिरक्या घेत आलं, करकचून ब्रेक मारून थांबलं आणि कर्ण्यातून "ब्यॅऽऽऽ" असा काही आवाज निघाला की बाहेर एसटीची वाट बघणारी माणसं खिडकीशी आली. सवयीनं वहिनींचे ओठ त्यालाही हलले.

मग कर्ण्यातून वहिनींचाच, पण अगदी घरातला आवाज आला. "ग्येलं बाई भाषन. भावजी बी ग्येले शेळीमागं. काय पळत्यात! शेळी काय घावायची न्हाई त्यास्नी."

सभागृह हसायला लागलं. मी आवाज बंद करायला एक बटण दाबलं, तर गोळी सुटून 'पाणी' हा शब्द आला. दुसरं दाबलं, तर काच फुटून 'खिडकी' आली. तिसऱ्याला टाळ्या पडल्या. (बंद कसं करायचं हे क्लासमध्ये शेवटच्या आठवड्यात शिकवणार होते.) तेवढ्यात कर्ण्यातून बायजाकाकूंनी, पोरगं हुशार आहे हो पण, अशी माझी बाजू घेतली. त्यावर वहिनींचा आवाज म्हणाला, "हुशार हायती. अक्षरं नाचवत्यात. पर काकू, पाऊस लागला की या लेकरांस्नी मी कुठं बसवू वो? हितं लेंड्या झाडून ताटं मांडते मी. पयलं पयलं पोरं नाकं धरायची. आता धरत न्हाईत. सवय झाली त्यास्नी. त्येचंच लई वाईट वाटतं मला."

सभागृहातलं हसू थांबलं. मला नेमकी तेव्हाच मेन वायर सापडली आणि मी ती उपटली. पडदा काळा झाला. वहिनींचे ओठ आता हलत नव्हते, चेहरा लाल झाला होता. आता त्या पाणी मागणार आणि खाली बसणार, अशी माझी खात्री झाली.

वहिनी पाणी प्यायल्या. पण बसल्या नाहीत.

"ऱ्हाऊ द्या बंदच, भावजी," त्या म्हणाल्या. "त्ये मीच बोलले. म्होरलं आता मीच सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. कुठलं पोर कुठल्या घरातून येतं, ओढ्याला पाणी आलं की कोण घरात कोंडून राहतं, पडवी गेली तर कुणाचं दुपारचं खाणं जाईल. मॅडमच्या डोळ्यांत बघून, पाणवठ्यावर बोलावं तसं. भारदस्त शब्द एकही नाही. मी हातात वायर धरून उभा होतो, आणि खरं सांगतो, लाज वाटायच्या आधी मला वहिनींचा अभिमान वाटला. इतकं देखणं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ते मी गिरक्यांखाली झाकून ठेवणार होतो.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला: तो शेळीचा आवाज मुद्दाम घातला होता का?

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "ती चंद्री. ती रोजच आसती."

इंजिनिअरकडं बोट दाखवून मॅडम मला म्हणाल्या, "तेवढा भाग यांना पुन्हा ऐकवा." मी पुन्हा लावला. (घाबरून पुन्हा बटणं दाबली, त्यामुळं इंजिनिअरसाहेबांवर आणखी दोन गोळ्या सुटल्या.)

मृग लागायच्या आधी वाडीत खोली उभी राहिली. उद्घाटनाला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. कॉम्प्युटर आणणाऱ्याचा दोन शब्दांत तरी सत्कार होईल, अशी आशा होती. हार होते दोन. एक वहिनींना घातला. दुसरा वहिनींनी स्वतःच्या हातानं चंद्रीच्या गळ्यात घातला, आणि ती तो खायला लागली म्हणून दोर धरायला मला बोलावलं.

त्या वेळचा फोटो अजून अंगणवाडीत टांगलेला आहे. मधोमध वहिनी, शेजारी अर्धा हार खाल्लेली चंद्री आणि कडेला दोर धरलेला एक हात. हात कुणाचा, असं एखाद्या पोरानं विचारलं की वहिनी अजूनही कौतुकानं सांगतात, "त्ये आमचे भावजी. चंद्रीला कॉम्प्युटरवर त्यांनीच आनलं."