कच्चा लाल रंग
लॅपटॉपवर ब्राउझर अपडेट करायची सूचना आली, की मला ओल्या रंगवलेल्या सुताचा वास येतो. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या चादरींच्या कारखान्यात ऑफिस म्हणजे कोपऱ्यातली एक पत्र्याची खोली, आणि मागांच्या खडखडाटात तिथं ओरडूनच बोलावं लागे. एका दुपारी मी माझ्या वडिलांना, अप्पांना, ओरडून सांगितलं, "आपल्या ब्राउझरमध्ये खोट निघालीय. कुणीही आत शिरून आपले मेल वाचेल. बनवणाऱ्या कंपनीनंच जाहीर केलंय, अपडेट करून घ्या म्हणून." अप्पा चादरींचे गठ्ठे बांधून घेत होते. ते हसले. "सोताच्याच मालात खोट हाय म्हणून जाहीर करतात व्हय? बुडतीय की ही कंपनी!" शेजारी घड्या घालत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "सांगतात म्हणून तर लोक वापरतात की. न सांगणाऱ्याची खोट गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळते." गठ्ठ्यांतल्या चादरींचा लाल रंग पहिल्याच धुण्यात उतरतो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि टेम्पो दारात उभा होता. अप्पांनी तो रिकामाच परत पाठवला. मग माझ्याजवळ स्टूल ओढून बसले. "आधी तुझं ते अपडेट कर. मग हुबळीच्या व्यापाऱ्याला मेल लिही. लाल रंग कच्चा निघालाय, दुसरा माल करून देतो म्हणावं." आता कारखाना मी बघते. हुबळीचे ते व्यापारी अजून आमच्याच चादरी घेतात, आणि गठ्ठा उघडूनही बघत नाहीत.