भिंतीकडे तोंड करून ऐकणाऱ्या द्वारकाताई

डॉ. द्वारकाताई शेळके यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. संपादकांनी हा लेख मला लिहायला सांगितला, हा त्यांचा भाबडेपणा. मला ताईंचा हेवा वाटतो आणि तो त्या आमच्या महाविद्यालयात आल्या अगदी त्या पहिल्या वर्षापासून.

ती दुष्काळाची वर्षं. आमचं शहर चितेगावच्या दिशेनं वाढत होतं; नळाला पाणी नव्हतं, पण पोरांच्या हातात मोबाइल आला होता. त्यावरच्या अश्लील चित्रफिती शाळकरी मुलांचं काय नुकसान करतात, हे शोधायचं काम आमच्या मानसशास्त्र विभागाकडे आलं. प्रमुख मी. मुलांचं मन मलाच कळतं, हा माझा तोरा. ताई अजिंठ्याकडच्या मेंढपाळ घरातल्या, नुकत्याच बदलून आलेल्या.

मी प्रश्नावली छापली, वर्गशिक्षकांकरवी भरून घेतली. झाडून सगळ्यांनी लिहिलं, ‘कधीच पाहिलं नाही.’ मी खूश! ताईंनी गठ्ठा चाळला नि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सर, ही उत्तरं पोरांनी मास्तरांना दिलीत. तुम्हाला नाय.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग पालकांची संमती घेऊन ताई शाळेच्या ग्रंथालयात, दार उघडं ठेवून, भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या. मुलानं मागं बसायचं, नाव न सांगता बोलायचं. “मेंढरांमागं आबा पुढं बघत चालायचे, मी मागून काय वाट्टेल ते बोलायची,” त्या सांगत. मी हसलो. पण मुलं बोलली! उडालेली झोप, मनात बसलेली भीती, घरच्यांच्या नजरेला नजर देता न येणं. काहींना तर ते कुणीतरी बळंच दाखवलेलं.

सिल्लोडहून एक आई आली, पोराला मारून दमलेली. ताई म्हणाल्या, “मारू नका हो बाई. लई घाबरलंय ते.” अहवालावर त्यांनी माझं नाव आधी घातलं. मीही ते काढायला लावलं नाही. खोटं कशाला बोलू?

गेल्या दिवाळीत माझा मुलगा, आता नोकरीला लागलेला, जेवता जेवता म्हणाला, “बाबा, नववीत मीपण ताईंच्या मागं बसलो होतो. संमतीवर आईनं सही केली होती.” ताई आमच्याकडे नेहमी येत, आवाज त्यांनी ओळखला असणारच. पण माझ्याकडे चकार शब्द काढला नाही.

“मला का नाही सांगितलंस रे?”

“तुम्ही कुठं विचारलंत? कागद पाठवलात.”

हेवा काही सुटलेला नाही, उलट वाढलाय. तरी मनापासून म्हणतो, ताईंना निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. मात्र पोराशी बोलावं कसं, हे त्यांनी मला जरा लवकर शिकवावं. माझी सत्तरी जवळ आलीय.